चारी बाजूंनी पाणी

जरीपटका वस्तीतल्या चारुशीलाची तांबडी कोंबडी भिंतीवरून उडाली, ती थेट शेजारच्या सिंधूताईंच्या अंगणात जेवत बसलेल्या एका अनोळखी माणसाच्या ताटात उतरली. चारुशीला धावत आली, तेव्हा तो हात वर करून बसला होता... आणि कोंबडी निवांत भात टिपत होती.

"माफ करा... सुटली ती."

"खाऊ द्या तिले," तो हसला. "आमच्या तिथं तर रोजचंच आहे."

तो सिंधूताईंचा भाचा, आनंद. अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या बंदरावर मेकॅनिक होता, सुट्टीवर आला होता.

"तिथं कोंबड्या कोणी टोपलीखाली झाकून ठेवत नाही. बाजारात फिरतात, रात्री झाडावर झोपतात. रस्त्यात आल्या, तर बस थांबते."

"आन् कोणी चोरत नाही?"

"चोरून नेईल कुठं? चारी बाजूंनी पानी!"

ती हसली. मग कोंबडी रोजच सुटू लागली. सिंधूताईंनी एकदा विचारलंच, "काहून वं, टोपली फाटली का तुही?"

चारुशीला लाजली, पण यायची थांबली नाही. आनंद सांगायचा — बंगाली, तमिळ, रांचीवाले, सगळे एकाच नळावर भांडतात आणि एकमेकांच्या लग्नात जेवतात. ती शिवण हातात घेऊन ऐकायची. सुई तशीच राहायची.

सुट्टी संपत आली, तशी त्यानं विचारलं, "चारू... येशील तिकडे? माह्यासंगं?"

"बाबाले सोडून?" ती एवढंच बोलली, आणि निघून गेली.

सिंधूताईंकडून हे चारुशीलाच्या वडिलांच्या, चंपतरावांच्या कानावर गेलं. गिरणीतून निवृत्त झालेले ते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी लेकीला समोर बसवलं.

"तुही तारा बहीण इथंच जवळ सदरले आहे. मले भाकर भेटते. माह्या नावावर काहून ढकलून राहिली? खरं सांग."

रात्रभर ती जागीच होती.

सकाळी आनंद आडाशी तोंड धूत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबाचं कारन खोटं होतं. मले पान्याची भीती वाटते. पोहता येत नाही मले."

आनंदनं टॉवेल खाली केला. "मलेही नाही येत."

"आन् तरी तिथं राहता?"

"जहाजात डोळे मिटून बसतो. कोनाले सांगू नको."

ती इतकी हसली, की सिंधूताई बाहेर डोकावल्या. हसता हसता डोळे भरले. मग पदरानं पुसून तिनं विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं आहे?"

"बुधवारचं."

"वापस करा ते," ती म्हणाली. "लग्नाले वेळ लागते."