सोळा वाट्यांचं पाणी

भर दुपारी मधाच्या पिंपाचं झाकण उडालं आणि छताला आपटून खाली आलं. दार उघडलं तर फेस उतू जात होता, खोलीभर आंबूस वास. शेजारच्या दोन पिंपांचीही तीच गत. वर्षभराचा मध आंबला होता.

आबांनी सुनेची बॅग उंबऱ्याशी आणून ठेवली. मधात पाणी हिनेच घातलं, आता या घरात तिचं काय काम, एवढंच म्हणाले. बॅगेला हात लावण्याआधी सुनेने भिंगवाल्या बाईंना फोन केला.

बाई खासगी तपास करीत. सोबत निवृत्त पोस्टमन नवरा. त्यांना पत्ता चटकन सापडे, बाकी सगळं उशिरा.

आबा मधातले जुने जाणकार. पिंपं भरताना त्यांनी स्वतः यंत्रातून पाहिलं होतं: शंभरात अठरा भाग पाणी. एवढ्यावर मध आंबत नाही. मग गुडघे धरले, त्यामुळे ते खोलीत फिरकले नाहीत. किल्ली सुनेकडे. आता वरचा मध मोजला, तर चोवीस.

धाकटी जाऊ नजर चुकवत म्हणाली, "खोटं कशाला बोलू? रोज सकाळी वहिनी भरला तांब्या घेऊन आत जायच्या, रिकामा घेऊन यायच्या."

सून नाकारत नव्हती. चार पिंपं चार स्टुलांवर. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टुलाच्या प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी, एकूण सोळा. आबांचाच दंडक. वाट्या रोज कोरड्या पडत, ती रोज भरे.

"तांब्याभर?" आबा म्हणाले. "मुंग्या काय पोहायला येतात?"

बाईंनी खोली पाहिली. खिडकी बंद, मधमाश्या शिरू नयेत म्हणून. हीटर चालू, मध पातळ राहून त्यात अडकलेली हवा लवकर वर यावी म्हणून. ती निघेतोवर आठ दिवस तोंडांवर नुसतं कापड होतं, झाकणं नंतर लागली. चौथ्या पिंपाला कापड पुरलं नव्हतं, म्हणून त्यावर पहिल्या दिवसापासून झाकण. तेवढं एकच शांत होतं.

"चौथ्यात घालायचं विसरली असेल," नवरा पुटपुटला.

"अहो, झाकण हाताने ओढलं की निघतं, मुद्दाम पाणी घालणाऱ्याला ते कशाला अडवेल?" बाई म्हणाल्या. त्यांनी वाट्या भरून घेतल्या, बशीत कोरडं मीठ पसरून पिंपावर ठेवलं, दार लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

सकाळी सगळ्यांसमोर दार उघडलं. वाट्यांतलं पाणी तळाला गेलं होतं. बशीत मीठ नव्हतं, खारं पाणी होतं.

"रात्रभर इथे कोणी आलं नाही," बाई म्हणाल्या. "हीटरने वाट्यांमधलं पाणी हवेत नेलं, बंद खिडकीने ते आत कोंडलं. मिठासारखाच मधही हवेतलं पाणी ओढतो. कापडातून तीन पिंपं आठ दिवस पीत राहिली. चौथ्याचं तोंड बंद होतं, ते वाचलं. तळाचा मध मोजा, आबा. हवेतलं पाणी वरच्याच थरात शिरतं, तळाशी अजून अठराच असेल."

आबांनी मोजला. अठरा.

"वाट्या मी सांगितल्या," ते हळूच म्हणाले. "हीटर मी. खिडकीही मीच."

पोस्टमननी पहिल्यांदाच वेळेवर पुढे होऊन हीटर बंद केला.

आबा लंगडत उंबऱ्यापर्यंत गेले आणि दुखऱ्या गुडघ्यावर वाकून बॅग आत आणायला उचलू लागले.

"राहू द्या ती," सून म्हणाली. "आधी खिडकी उघडा."