दूध न पिणारा पावणा

मार्गशीर्षातली पहाट. रंकाळ्यावरचं धुकं गल्लीगल्लीनं गंगावेशीत उतरत होतं... आणि त्या धुक्यातून एक गडी धावत आला. अंगात एकावर एक तीन स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि एवढ्या थंडीत कपाळावरून घामाच्या धारा!

दूध कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या होत्या. शिवलीला उकिडवी बसून धार काढत होती. रिकाम्या चरवीत आधी टणटण वाजणारी धार, दूध चढत गेलं तसा तिचा आवाज मऊ होत गेला, जणू कुणी कानात कुजबुजतंय... तो गडी थांबला. बघत राहिला.

"पावणं, दूध देऊ का?" शिवलीलेनं विचारलं.

"नको."

"मग म्हस घ्यायला आलायसा?"

"न्हाय... फेस बघतोय."

शिवलीलेचा हात थांबला. गंगावेशीत येऊन दूध नको म्हणणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. "फेस बघायचं पैसं घेत न्हाय आम्ही," ती म्हणाली, "पण असं टक लावून बघू नगासा. म्हस लाजती."

"म्हस लाजती व्हय?" तो हसला. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाय." आणि तो पळाला. धुक्यात तीन स्वेटर दिसेनासे झाले, तरी शिवलीलेच्या गालावर ऊन पडल्यासारखं झालं होतं. अजून सूर्य कुठं उगवला होता!

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्याही. त्याचं नाव अमरेश, उचगावचा. उद्यमनगरात लेथवर काम करायचा आणि उरलेल्या वेळात ठोसे मारायचा. पुण्यात मामाकडं असताना बॉक्सिंग शिकला, पदकं मिळवली, आणि आता बनियन काढून, मानधन घेऊन लढणारा व्यावसायिक बॉक्सर झाला होता. पुणं झालं, गोवा झालं, बेंगळुरू झालं. पण कोल्हापुरात कुणाला त्याचं काय?

"म्हंजे पैलवान?" शिवलीलेनं विचारलं.

"न्हाय. लाल माती न्हाय आमच्यात. दोऱ्यांची चौकट असती."

"चितपट कसं करतासा मग?"

"मारतो."

"आणि त्यो मारत न्हाय?"

"मारतो की!" त्यानं नाकाचं हाड दाखवलं. जरा डावीकडं कललेलं. शिवलीलेला ते नाक भारी आवडलं... पण ते ती कशाला सांगेल?

"आता हितल्या हॉलमधी लढत हाय, आपल्याच गावात," तो म्हणाला. "जिंकलो तर बँकॉकला लढायला मिळणार. पण आदल्या दिवशी वजन करत्यात. एकसष्ट किलो. पावशेर जास्त भरलो तरी बाहेर. लढतच न्हाय. म्हणून हे स्वेटर... म्हणून दूध न्हाय."

"आणि म्हणून फेस बघायचा?"

"नुसता फेसच बघतो असं कुठं म्हणालो मी?"

शिवलीलेनं मान खाली घातली. म्हशीनं शेपटीनं तिच्या पाठीवर एक फटका दिला, तेव्हा ती भानावर आली.

एकदा त्यानं हात पुढं केला. सांध्यांवर गाठी आलेल्या, निबर झालेल्या. तिनं आपली मूठ त्याच्या शेजारी ठेवली. अंगठ्याच्या मुळाशी तिलाही घट्टा पडला होता, लहानपणापासून धारा काढून.

"तुमची मूठ मारती, माझी मूठ दूध काढती," ती म्हणाली. कोल्हापूरच्या पोरींसारखी ती ‘येतो, जातो’ असं बाप्यासारखंच बोलायची. पण त्या दिवशी आवाज कसा पोरीचाच झाला. "दोघं बी मुठीवर जगतो की."

त्या सकाळी ती घरी गेली ती गुणगुणतच...

भरली माझी चरवी, फेस राहीना काठात
मन उंबऱ्यात उभं, डोळं लागलं वाटेत

अव्वानं, म्हणजे आईनं, शांतव्वानं, ऐकलं. लेकीकडं पाहिलं.

आणि लढतीला दोन दिवस उरले असताना शिवलीला कट्ट्यावर आली ती डोळे लाल करून. अमरेशच्या पुढं येऊन उभी राहिली.

"उद्या गडहिंग्लजचं स्थळ येतंय मला बघायला. अप्पा हो म्हणून टाकणार. बोलायचं असंल तर आज सांजच्याला या. न्हाय तर... न्हाय तर फेस बघायला पण येऊ नगासा."

अमरेश गेला. शिवाजी पेठेतल्या शिवलीलेच्या घरी, आपल्या आईला घेऊन. आईला सारं उचगाव आक्का म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन होतं. आदल्या रात्रीपासून त्यानं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ओठ सुकून पांढरे पडलेले, गाल आत गेलेले. आजच सकाळी काट्यावर तो बरोब्बर एकसष्टला टेकला होता.

शिवलीलेचे अप्पा, रुद्राप्पा गवळी, म्हणजे ढोलासारखा आवाज. बसा म्हणाले तरी शेजारी दचकायचे. त्यांच्या घरात एक रीत होती. सोयरिकीचं बोलणं सुरू करायच्या आधी पावण्यापुढं धारोष्ण दुधाचा तांब्या ठेवायचा. पावण्यानं तो रिकामा करून परत दिला, तर पुढं बोलायचं. दूध तसंच ठेवलं, तर पान-सुपारी देऊन वाटेला लावायचं. भांडण नाही, कारण नाही... विषय संपला.

तांब्या आला. काठापर्यंत. वर फेसाचा डोंगर.

"घ्या पावणं," रुद्राप्पा गरजले.

"अप्पा... उद्या सकाळी माझं वजन हाय," अमरेश कसाबसा म्हणाला.

"वजन हाय?" रुद्राप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी आयुष्यभर पैलवानांना दूध घातलेलं! "मग पी की गड्या! वजन कमी पडतंय व्हय? तरीच एवढा वाळलायस. शांतव्वा, आणि एक तांब्या आण!"

आक्कानं कपाळाला हात लावला. अमरेशनं दाराकडं पाहिलं. दाराआड हिरव्या बांगड्यांचा हात चौकट घट्ट धरून उभा होता. तांब्यातलं दूध सगळं पोटात गेलं की उद्या काटा वर जाणार. इतक्या वर्षांची मेहनत, बँकॉक, सगळं पाण्यात. आणि तांब्या ठेवला की... तो हात उद्या गडहिंग्लजला.

त्यानं तांब्या उचलला. ओठाला लावला. एक घोट...

"बस्स!"

शिवलीला बाहेर आली. त्याच्या हातातून तांब्या ओढून घेतला, आणि सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, घटाघटा शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग पदरानं ओठ पुसले आणि तांब्या बापापुढं उपडा ठेवला.

परक्या पुरुषाचं उष्टं! बायको नवऱ्याच्या ताटात जेवते, ते वेगळं; पण इथं अजून सुपारीसुद्धा फुटली नव्हती.

"शिवलीले! हे काय केलंस?"

"पावण्याचा तांब्या रिकामा व्हायला पायजे. झाला की, अप्पा. कुणी करायचा, हे रितीत कुठं हाय?"

शांतव्वानं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, कुणास ठाऊक. आक्का मात्र उघड हसली. "हिला तर उष्ट्याचीच घाई दिसती बाई!"

"आता गडहिंग्लजला काय सांगू?" रुद्राप्पा ओरडले.

"सांगा, दूध संपलं," शांतव्वा म्हणाली.

रात्रभर रुद्राप्पांचं डोकं चालेना. दूध टाळणारं पोरगं असतं कसं, वजन असतं कसं? सकाळी ते लेकीला घेऊन स्वतः हॉलवर गेले. अमरेश कपडे उतरून काट्यावर चढला. काटा थरथरला... एकसष्टच्या रेघेवर आला... थांबला. पंचानं होकाराची मान डोलावली. अमरेशनं डोळे मिटून श्वास सोडला, तेव्हा कुठं रुद्राप्पांना उमगलं.

"आरं, म्हंजे कालचं दूध पोटात गेलं असतं तर..."

"तर लढत गेली असती, अप्पा."

"हे ठाऊक असून तांब्या उचललास?"

"व्हय."

"का रं?"

अमरेश चाचरला. समोरच्याचे ठोसे खाताना न हलणारा गडी, पण आता पायानं फरशी उकरायला लागला. "लढत काय... परत मिळंल की."

रुद्राप्पांनी खिशातला रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि ते वजनकाट्याकडं पाठ करून उभे राहिले.

शिवलीला पुढं आली. "अप्पाला सांगितलंस. मला कवा सांगणार?"

"लीला... आजची रात गेली, उद्याची लढत जिंकलो, तर..."

"तर न्हाय." तिनं बोट त्याच्या ओठापाशी नेलं, टेकवलं मात्र नाही. "जिंकलास तरी, हरलास तरी. ‘तर’ लावून मला मागायचं न्हाय."

"मग तशीच मागतो."

"आणि मी तशीच आलो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला हॉल खच्चून भरला. रुद्राप्पा पहिल्या रांगेत उभे राहून ओरडत होते, "पट काढ त्याचा! पट काढ!" मागचे लोक सांगून दमले की ही कुस्ती नव्हे, इथं पट काढत नसतात. शेवटच्या फेरीनंतर पंचानं अमरेशचा हात उंच धरला, तसा रुद्राप्पांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठीच मारली.

शिवलीलेनं तो वर गेलेला हात पाहिलाच नाही. ती पाहत होती त्याच्या डाव्या डोळ्यावरची टम्म सूज.

"अव्वा," ती शांतव्वाच्या कानाशी लागली, "हळदीपतोर उतरंल न्हवं ही?"