भिंत पुसायची राहिली

जेवणं आटोपली, दिवा मालवला गेला, तसे काका खुर्ची ओढून बसले. पुतणे सतरंजीवर, नवी सून दाराशी.

"भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही," काका म्हणाले. "पण ज्याचं हे सांगतोय, तो वायरमन अकरा वर्षं माझ्यासोबत डबा खायचा. रचून सांगण्याइतकी त्याला अक्कल नव्हती."

वायरमन म्युझियममध्ये होता. तिथे त्या वर्षी उजेडाचं प्रदर्शन भरलं होतं. एका अंधाऱ्या खोलीत अख्ख्या भिंतीला चमकणारा रंग दिलेला. लोक भिंतीला टेकून उभे राहत, वायरमन बटण दाबी, क्षणभर लख्ख उजेड पडे. लोक बाजूला झाले की भिंत हिरवीगार चमके, आणि सावल्या मात्र तिथेच काळ्या चिकटलेल्या. थोड्या वेळाने विरून जात. रात्री खोली रिकामी करून पुन्हा एकदा उजेड पाडायचा, मगच कुलूप. त्याला ते 'भिंत पुसणं' म्हणत.

बायको महिनाभर मागे लागली होती. "सगळं गाव बघून आलं. तुम्ही तिथे काय दिवे लावता, ते मला कधी दाखवणार?"

एका गुरुवारी, रात्री पावणेनऊला, सगळे गेल्यावर त्याने तिला आत घेतलं. ती भिंतीला टेकली, एक हात बाजूला पसरला. "या की शेजारी."

"मग बटण काय तुझा भाऊ दाबणार?"

ती हसली. उजेड पडला. "मी पुढे होते, तुम्ही आवरून या," म्हणून ती निघाली. तो सावलीकडे बघत राहिला. हात पसरलेली बायको पुसून टाकायची... त्याला जिवावर आलं. आजच्या दिवस राहू दे, म्हणून त्याने तसंच कुलूप लावलं.

चौकात गर्दी होती. ट्रक आडवा उभा होता. आधी त्याला तिची चप्पल दिसली.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. रात्री नऊला खोली रिकामी केली, भिंत पुसायला बटण दाबलं. मधोमध ती होती. हात पसरून.

"तुम्ही पाहिलीत, काका?" एका पुतण्याने विचारलं.

"त्याने मला नेलं होतं. मला नुसती हिरवी भिंत दिसली. तो मात्र बोलत होता तिच्याशी."

चौथ्या रात्री त्याच्या लक्षात आलं. ती सरकत होती. रोज वीतभर. दाराकडे. एकदा त्याने बटण दाबलंच नाही. दुसऱ्या रात्री ती दोन वीत पुढे होती. पसरलेला हातही खाली आला होता.

"पुसलं नाही म्हणून अडकलीस, कळतंय मला," तो म्हणे. "पण थांब ना... मी काय करू घरी जाऊन?"

भिंत संपत आली. शेवटच्या रात्री त्याने बटणाला टायमर जोडला. त्या कामासाठी घातलेले, भिंतीचा रंग लागलेले रबरी हातमोजे तसेच हातात. भिंतीच्या टोकाशी, तिच्या वाटेत, जाऊन उभा राहिला.

नऊ वाजले.

उजेड पडला.

त्याने हात पुढे केला...

काका थांबले.

"सकाळी झाडूवाल्या मावशींनी दार उघडलं. कोपऱ्यात बसला होता. एवढंच म्हणाला, 'मी घट्ट धरलं होतं...' पुन्हा काही नाही. तीन महिन्यांत गेला. त्याआधी एक वस्तू मला देऊन गेला."

काकांनी कपाटातून डबा काढला. झाकण उघडलं. नऊ वर्षं उजेड न पाहिलेला हातमोजा अंधारात मंद हिरवा चमकत होता.

सून पुढे वाकली. मोज्याच्या बोटांवर काळे डाग होते. प्रत्येक बोटाला वर एक, खाली एक. मूठ सोडवायला एकेक बोट चिमटीत धरावं तसे. तिने आपला अंगठा एका डागावर टेकवला. बरोबर बसला.

करंगळीवरचे डाग पुसट होते. तिथून एकेका बोटागणिक ते ठळक होत गेले होते... आणि मोज्याचा अंगठा पार मागे वळवलेला होता.