चाळीस मिनिटं केबल धरून

"अहो, जरा ऐका ना... ती शाळा कुठंय? जिथल्या कॉम्प्युटरच्या मॅडम फार कडक आहेत म्हणे, ती?"

केळीचा भरलेला ट्रक पुढे जाईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी होते. जानेवारीतली सकाळ होती आणि फैजपूरला हवेत चांगलाच गारठा होता. मोटरसायकलवरच्या त्या मुलाचं नाक थंडीनं लाल झालं होतं. पाठीवर मोठी सॅक, कानाला मफलर, आणि डोळे... उगाच हसणारे.

"कडक आहेत असं कोण म्हणालं?"

"आमचे शेठ. म्हणाले, हितेंद्र, त्या मॅडमसमोर जास्त बोलू नको."

"मग बोलताय कशाला?"

तो हसता हसता थांबला. माझ्या हातातल्या हजेरीपटाकडे त्यानं पाहिलं. "म्हणजे... तुम्हीच?"

"सरळ जा. निंबाच्या झाडापाशी डावीकडे. आणि गाडी मुलींच्या सायकलींमध्ये लावू नका."

तो जळगावच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. ऑफिसचा कॉम्प्युटर फार हळू चालायचा म्हणून आमच्या गिरधर सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, त्याला रॅम वाढवायला बोलावलं होतं. काम वीस मिनिटांचं, पण तो दुपारपर्यंत रेंगाळला. डब्यातलं भरीत मी त्याच्यापुढे सरकवलं, तर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या तीन भाकरी त्यानं गप्पा मारता मारता संपवल्या. मूळचा शिरपूरचा. जळगावला खोली करून राहतो. आई गावी असते आणि दिवसातून चार वेळा फोन करते.

निघताना त्यानं त्याचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "कॉम्प्युटरचा डबा उघडावासा वाटला तर आधी मला फोन करा."

"का? मला येत नाही?"

"येतं हो. पण मग मला यायला कारण उरणार नाही..."

त्या रात्री मीच आधी मेसेज केला, आणि पुढचे पंधरा दिवस माझा फोन सारखा वाजत होता. सकाळी चहाचा फोटो, दुपारी एखादा फालतू विनोद, संध्याकाळी "काय शिकवलं आज कडक मॅडमनी?" मी दोनदा वाचून एकदा उत्तर द्यायची. आणि एकटीच हसायची.

त्या हसण्यातच माझं डोकं फिरलं असावं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी ऑफिसचा कॉम्प्युटर उघडला. आत धूळ साचली होती. ती साफ करून त्याला फोटो पाठवायचा, 'बघा, येतं मला,' असं म्हणायचं... एवढंच. ब्रश नव्हता, म्हणून पर्समधला केसांना मेंदी लावायचा ब्रश घेतला. साफ करताना हार्ड डिस्कची केबल आड आली. ती मी ओढली. निघेना, म्हणून तिरकी करून ओढली. काहीतरी कट् वाजलं. मी घाईनं ती परत दाबून बसवली, डबा बंद केला आणि घरी आले. फोटो काढायचा राहूनच गेला.

सोमवारी कॉम्प्युटर सुरू झाला, पण काळ्या पडद्यावर एकच ओळ. डिस्क सापडत नाही.

त्या डिस्कवर दहावीच्या एकशे अठरा मुलांचे तोंडी परीक्षेचे आणि प्रात्यक्षिकांचे गुण होते. ते ऑनलाइन भरायची शेवटची तारीख मंगळवार. दुसरी प्रत नव्हती. मुलांकडून 'बॅकअप घ्या' असं वहीत दहा वेळा लिहून घेणारी मी... मीच घेतला नव्हता.

गिरधर सरांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, "मॅडम, कोणी हात लावला होता का याला?"

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "तो जळगावचा मुलगा आला होता ना, रॅम टाकायला... त्यानंच काहीतरी ढिलं ठेवलं असेल."

सरांनी लगेच फोन लावला. स्पीकरवर. "अरे, तुला कामं करता येत नाहीत तर येतोस कशाला? एकशे अठरा पोरांच्या भविष्याशी खेळ आहे हा!" पलीकडून हितेंद्रचा आवाज आला, "सर, मी निघालो."

दीड तासात तो आला. माझ्याकडे बघून नेहमीसारखा हसला, आणि माझी मान खाली गेली.

त्यानं आधी डिस्कची पॉवरची वायर तपासली. मग दुसरी केबल लावून पाहिली. कॉम्प्युटरला डिस्क दिसेना. डिस्कला कान लावला, तर आत ती नीट फिरत होती. शेवटी त्यानं डिस्क बाहेर काढली, मोबाईलच्या उजेडात धरली आणि थबकला. जिथं केबल बसते तिथली प्लॅस्टिकची बारीक पट्टी तुटलेली होती. तुटका तुकडा जुन्या केबलमध्ये अडकून बसला होता. मग त्यानं बोट डब्याच्या कडेवरून फिरवलं. बोटाला हिरवट भुकटी लागली. त्यानं ती हुंगली.

मेंदी.

त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं. एकदाच.

"काय झालंय?" सर दारातूनच गरजले.

"केबलची जागा तुटलीय, सर." जरा थांबून तो म्हणाला, "माझ्याकडूनच झालं असेल."

"असेल काय? झालंय! हे काम संपव आणि पुन्हा या शाळेत दिसू नकोस. तुझ्या शेठशी मी बोलतो." सर निघून गेले.

मी तिथंच उभी होते. त्यांच्या मागे गेले नाही.

"बसा," हितेंद्र हळूच म्हणाला. "तुटका तुकडा केबलमध्येच आहे, ते बरं. ही जुनी केबल मी हातानं बरोबर धरून ठेवतो. डिस्क दिसली की तुम्ही सगळं या पेन ड्राइव्हवर घ्या. माझा हात हलला तर पुन्हा पहिल्यापासून."

दोनदा प्रयत्न फसला. तिसऱ्यांदा पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डिस्क इतकी हळू चालत होती की कॉपी व्हायला चाळीस मिनिटं दाखवत होती. चाळीस मिनिटं तो वाकून, दोन बोटांत केबल धरून बसला. त्याचं मनगट थरथरायला लागलं तसा त्यानं दुसरा हात खाली टेकू म्हणून लावला. मी समोर, माउसवर हात ठेवून. आमच्यात वीतभर अंतर. दुसरा कुठला दिवस असता तर...

"मी सांगते सरांना," मी पुटपुटले.

"आता नको. तुम्ही उठलात तर माउस कोण धरणार?"

"हितेंद्र, मी घाबरले होते."

"दिसलं मला." त्यानं नजर पडद्यावरून काढली नाही. "पण मॅडम... माझंच नाव का सुचलं?"

मी कॉपीची सरकणारी पट्टी बघत राहिले. 

कॉपी झाली. गुण वाचले. त्यानं नवी डिस्क बसवून दिली, सॅक उचलली आणि गेला. सर व्हरांड्यातच उभे होते. मी तेव्हाही गेले नाही.

फोन वाजायचा बंद झाला. मी लिहिलं, "सॉरी." खाली दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तीन दिवस मला वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहणं सोपं वाटायचं. मुलांकडे बघवत नव्हतं. चौथ्या दिवशी आई, मंदाबाई तिचं नाव, ताटासमोर येऊन बसली.

"काय व कामिनी, जेवत का नही? कोनी बोललं का तुले?"

मी सगळं सांगितलं. रडत रडत. वाटलं, जवळ घेईल. ती उठली आणि ताट उचलून घेऊन गेली.

"मग मले काय सांगते? शाळेत सांग न!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक डबे उघडून बसले होते. मी उभी राहिले. खुर्चीची पाठ घट्ट धरली. "सर, तो कॉम्प्युटर मी उघडला होता. केबल मी तोडली. हितेंद्रची काही चूक नव्हती. मी खोटं बोलले."

गिरधर सरांनी चष्मा काढला. "आणि मी त्या पोराला स्पीकरवर..." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मग म्हणाले, "मी फोन करतो त्याला."

"तुम्ही चिठ्ठी द्या, सर. घेऊन मी जाते."

शनिवारी मी जळगावला गेले. दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. गल्ल्यावर प्रेमराज शेठ, समोर पाच-सहा गिऱ्हाइकं. कोपऱ्यात हितेंद्र कुणाचा तरी प्रिंटर खोलून बसला होता. बाहेरची कामं शेठनी त्याच्याकडून काढून घेतली होती. मला बघून तो उठला आणि परत बसला.

"शेठ," मी म्हणाले, आणि माझा आवाज नको तितका मोठा आला, "फैजपूरच्या शाळेची तक्रार खोटी होती. ती चूक माझी. मी कॉम्प्युटर शिकवते, तरी केबल मीच तोडली आणि नाव यांचं घेतलं. ही सरांच्या सहीची चिठ्ठी."

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. कान तापले होते. एक आजोबा हळूच हसले. शेठनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हितेंद्र, तू हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही, शेठ. डायरेक्ट रागावलात."

शेठ खाकरले. "जा, मॅडमना चहा पाज."

खाली टपरीवर आम्ही बाकावर बसलो. चहा निवत चालला होता.

"मला राग आला होता," तो म्हणाला. "मोठेपणा वगैरे काही नाही. तुमच्यासाठी गप्प बसलो आणि मग रोज राग यायचा. चार मेसेज लिहिले, चारही पुसले."

"पाठवायचे ना."

"वाईट होते."

"तरी पाठवायचे. माझ्या लायकीचे होते." मी ग्लास खाली ठेवला. "हितेंद्र, मला तुम्ही आवडता. पण आज हे बोलायचीही लाज वाटतेय. ज्याच्यावर आळ घेतला, त्यालाच..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं माझ्याकडे बघतच तो उचलला आणि अहिराणीत बोलू लागला. "हां माय... नही, दुकानमा नही... चहा पी राह्यनू. एक जन शे संगे." पलीकडून भराभर काहीतरी विचारलं गेलं. तो लाजून हसला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "माय म्हणते, कोण शे ती, बठ्ठं सांग माले... म्हणजे सगळं."

"मग? काय सांगणार?"

"मला नाही येत सांगता... तुम्हीच सांगा." त्यानं फोन माझ्या हातात दिला.

मी घाबरून उभीच राहिले. "काकू... मी कामिनी. फैजपूरची. तुमच्या मुलावर मी खोटा आळ घेतला होता. त्याची काही चूक नव्हती. आज सगळ्यांसमोर खरं सांगितलं. आणि... मला तो फार आवडतो."

पलीकडून बांगड्यांचा आवाज, आणि ठसक्यात प्रश्न: "मंग आते काय करशी?"

मी हितेंद्रकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं मान हलवली... हळूच, होकारार्थी.

"शिरपूरला येते, काकू," मी म्हणाले. "तुमच्यासमोर बसून माफी मागते."

"माफी नंतर," त्या म्हणाल्या. "पहिले जेवाले ये, माय."