आम्ही दोघींनी आखलेले डोळे

"जमत नसेल तर निघ इथून," मी म्हणाले.

"निघतो… पण मी आत्ताच आलो," मागून आवाज आला.

दारात एक उंच मुलगा छत्री झटकत उभा होता. हसू दाबायचा प्रयत्न करत होता, पण ते डोळ्यांतून सांडत होतं. मी लाजून अर्धमेली झाले. कारण ते मी मलाच म्हणत होते. काम करताना पुटपुटायची माझी जुनी खोड, आणि त्या पुटपुटण्यात चांगला शब्द औषधालाही नसतो.

तो हरेश. रोह्याच्या मंडळाची गणपतीची मूर्ती आमच्या पेणच्या कारखान्यात होती, ती बघायला आला होता. मूर्ती रंगून तयार होती, डोळे तेवढे कोरे. डोळ्यांची आखणी बाबांची. यंदा नेमकं त्यांच्याच डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि काम माझ्याकडे आलं. मी सकाळी आखायचे, दुपारी ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. रविवारपर्यंत जमलं नाही, तर रामवाडीच्या एका कारागिराला बोलवायचं ठरलं होतं. बाबांच्या मूर्तीला परक्या हाताचे डोळे… मला ते सोसलं नसतं.

"कुणाला ओरडत होतात?" त्यानं विचारलं.

"मला."

"बापरे. आमच्या कंपनीत सुपरवायझर पण असा बोलत नाय."

मग शिफ्ट सुटली की तो येऊ लागला. मूर्ती बघायला, म्हणे. बघायचा मात्र भलतीकडेच, आणि मला ते कळत होतं. रात्री उशाशी पाऊस वाजायचा आणि मी त्याचं 'नाय' आठवत पडून राहायचे.

एकदा त्यानं कोपऱ्यातला एक फुटका मुखवटा उचलला. "द्या ब्रश. मी आखतो."

"तुम्ही?"

"बघू तर."

त्याचा हात असा थरथरायला लागला की मला राहवलं नाही. "हळू," मी म्हणाले. "आधी श्वास घ्या. हात टेकवा माझ्या हातावर… हां. घाई कुणालाच नाही. चुकलं तर पुसता येतं."

डोळा वाकडाच झाला. आम्ही दोघंही खूप हसलो. मग तो थांबला, माझा हात अजून त्याच्या हाताखाली होता.

"किमया, हे असं तुम्ही तिला का नाय बोलत?"

"कुणाला?"

"जिला त्या दिवशी हाकलत होतात."

रंगाचा वास, पत्र्यावरची रिमझिम आणि ती ऊब… सगळं एकात एक मिसळलं होतं.

शनिवारी मी मूर्तीसमोर एकटीच बसले. माझ्या आतली ती लगेच सुरू झाली, जमणार नाही, हसं होईल. मी तिला गप्प नाही केलं. शेजारी बसवून घेतल्यासारखं म्हणाले, "घाबरलीस ना गो? मीही घाबरलेय. हळू. श्वास घे." आणि ब्रश टेकवला.

बाबा काळा चष्मा लावून आले, मूर्तीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"बघतोय गो," ते म्हणाले. "माझ्याकडंच बघतोय." मी पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली.

रविवारी टेम्पो आला. हरेश मूर्तीकडे बघतच राहिला. "कुणी आखले?"

"आम्ही दोघींनी."

मंडळाच्या पोरांनी मूर्तीवर प्लास्टिक गुंडाळलं आणि ती टेम्पोत चढवली. आता त्याला पेणला यायचं काही कारण उरलं नव्हतं. आतली कुजबुजली, तो मूर्तीसाठी आला होता, तुझ्यासाठी नाही. हळू, मी तिला म्हटलं. बोललेलं काही ओल्या फडक्यानं पुसता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी श्वास घेतला.

"मला तू आवडतोस. जाऊ नकोस… म्हणजे जा, पण परत ये."

टेम्पोचा हॉर्न वाजला. तो जागचा हलला नाही. पावसात भिजत, कानापर्यंत लाल होत त्यानं विचारलं,

"हे… मला बोललीस?"

"हो," मी म्हणाले. "या वेळी तुलाच."