पाचवा दिवा

दुपारी चारला मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या एका गल्लीत कुंबिया नाचाची गाणी सुरू झाली आणि ओबदूलियाचा जीव भांड्यात पडला. स्पीकर वाजत होते, वायरी शाबूत होत्या, लोक नाचत होते. तिचा नवरा निकान्द्रो कॉर्डलेस माइक घेऊन गाण्यावरच लोकांच्या चिठ्ठ्या वाचत होता: शिकागोतल्या मावशीला सलाम, बेकरीतल्या पोरींना सलाम! शेवटचा सलाम ठरलेला. "आणि आमच्या एलेउतेरियोला, जिथं असशील तिथं!" पोरगा अमेरिकेची सीमा ओलांडायला गेला, त्याला बेचाळीस दिवस झाले होते. ना फोन, ना निरोप.

तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"झोपलीस काय गं?" निकान्द्रो ओरडला.

"तूच ढेरी घेऊन अँटेनापुढं उभा राहतोस!"

तिने माइकचे सेल बदलले, अँटेना फाकवल्या. खरखर जाईना. ती येत होती दुसऱ्या माइकच्या रिसीव्हरमधून. तिथं एक दिवा लागला होता. एक दिवा म्हणजे माइक लांब, पाच म्हणजे हाताशी. पण दुसरा माइक तर पेटीत, सेल काढून ठेवलेला! शेजारच्या गल्लीतलं कुणीतरी आपल्याच चॅनलवर आलं असणार, म्हणून तिने चॅनल बदलला.

खरखर तिथंही आली. मग नाक ओढल्याचा आवाज.

"माझ्या आईला सलाम."

एलेउतेरियोच! बोलण्याआधी नाक ओढायची त्याची लहानपणापासूनची खोड. लोकांनी टाळ्या पिटल्या. निकान्द्रोचे डोळे भरून आले.

"येतोय मी, आई."

तीन दिवे. कसं, कुठून, ते नंतर बघू, असं म्हणत ओबदूलिया खोक्यावर बसली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

एप्रनच्या खिशात फोन थरथरला. नंबर अनोळखी.

"आई? मी ह्यूस्टनला पोचलो गं. फोन चोरीला गेला होता. रडतेस काय, वेडे?"

"जेवलास का रे?" ती हसत, रडत म्हणाली. "आत्ता माइकवर किती छान बोललास!"

"कुठला माइक?"

चार दिवे.

निकान्द्रोने गाणं बंद केलं.

"पोचलो," स्पीकर म्हणाला.

पाचवा दिवा लागला.

"आई," फोनवर एलेउतेरियोने विचारलं, "तुझ्याजवळ नाक कोण ओढतंय गं?"