यादीत नसलेलं लोह

लोहाची इंजेक्शनं बंद करून दोन महिने झाले, तरी आत्याच्या अंगातलं लोह वाढतच होतं. ते येत होतं कुठून? हर्णैच्या डायलिसिस केंद्रात कोणालाच उलगडा होईना. अकरा वर्षांची शलाका मात्र आत्याच्या पलंगाशी बसून नखं कुरतडत होती. तिला आता उत्तर कळलं होतं, आणि ते सांगायची तिची छाती होत नव्हती.

यंत्र आत्याचं रक्त धुऊन परत देत होतं. (निकामी मूत्रपिंडांचं काम यंत्राकडून करून घेणं, हेच डायलिसिस.)

"लोह हृदयात साठतंय, ठोके बिघडतील," बाळोजी म्हणाला. बाळोजी हा तिथला यंत्रमानव, औषधं देणारा. "औषधांच्या यादीत तर लोह कुठेच नाही. लोह उतरवायचं औषध दुप्पट करावं लागेल."

"दुप्पट केलं तर कान जायची भीती आहे," डॉक्टर मेहेंदळेबाई म्हणाल्या. त्यांनी आकडे पुन्हा तपासले. "पण हृदयापुढे इलाज नाही. भर."

आत्या गावोगावच्या पेट्यांचे सूर जुळवून द्यायची. कान गेले तर आत्याकडे उरणार काय? शलाका उठून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "लोह मी देते. आत्याला सारखा दम लागायचा. रक्त कमी झालं की लोह द्यावं, असं शाळेत शिकवलंय. म्हणून रोज तिच्या लिंबू सरबतात मी टॉनिक घालते."

"तरीच सरबताला खिळ्याची चव," आत्या म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या हातालाच चव नाही."

शलाका रडायलाच लागली. डॉक्टरबाईंनी तिला जवळ घेतलं. "बरं झालं बोललीस. खूपसं लोह आम्हीच वर्षानुवर्षं इंजेक्शनांतून आणि रक्ताच्या बाटल्यांतून दिलेलं आहे. ते आत येतं, पण जास्तीचं बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. त्यात तुझ्या चमच्याची भर. आता चमचा बंद, म्हणजे औषध थोडंच पुरेल."

"औषध काय करतं?"

"खेकडा नांगीत बोट धरतो, तसं लोह धरतं. याला कीलेशन म्हणतात (धातूला पकडून शरीराबाहेर नेणं)."

"पकडलेलं लोह मग जातं कुठे?"

"बरंचसं लघवीतून."

शलाका घाबरली. "पण आत्याची मूत्रपिंडं तर..." तिची नजर यंत्राकडे गेली. "हे धुऊन काढेल?"

"परवा काढेल. आज औषध देऊ, त्याला लोह पकडायला वेळ देऊ."

ते दोन दिवस शलाकाला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं. बाहेर जाणाऱ्या पाण्यातल्या लोहमापकाचा काटा आधी ढिम्म हलेना. मग हळूच सरकला.

"पकडलेलं लोह बाहेर पडतंय," बाळोजी म्हणाला. "काही महिने असंच चालेल. दर खेपेला कानही तपासायचे." त्याने बारीक आवाजात एक सूर लावला. "ऐकू येतंय?"

आत्याने डोळे मिटले. शलाकाने तिचा हात घट्ट धरला.

"येतंय," आत्या म्हणाली. "पण बाळोजी, तुझा सा जरा उतरलाय. घरी ये, जुळवून देते."